हळदीकुंकू लागलेली झाडं

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आला की माझ्या बहिणीच्या घरात नाताळचं एक नवीन झाड उभं राहतं. जुनी असतातच. यंदाचं धरून सहा झाली. घर हिंदू आहे, शेतकऱ्याचं आहे, गावदेवीच्या पालखीचा मान त्या घराकडे आहे. तरी बाहेरच्या खोलीत पाऊल टाकलं की आधी दिसतं ते प्लास्टिकचं हिरवं टोकदार झाड, त्यावरचे लाल-सोनेरी गोळे आणि बुंध्याशी उमटलेली हळदीकुंकवाची बोटं. या घरातली मुलगी, स्नेहल, पाच वर्षांपूर्वी याच महिन्यात घर सोडून गेली. ती परत येईल का, आणि आली तर तिचे वडील तिला आत घेतील का, एवढाच प्रश्न तेव्हापासून त्या घरात आहे. बाकीचं सगळं बोलणं त्याला वळसा घालून जातं.

भिवंडीजवळच्या पडघ्याच्या आतल्या अंगाला थंडी सावकाश येते. भात झोडून झालेलं असतं. खळ्याच्या कडेला पेंढा रचलेला असतो, आणि कापलेल्या शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरलेला असतो. सकाळी आठपर्यंत त्याची पानं दवानं खाली झुकलेली दिसतात. हायवेवर धुकं आणि डिझेलचा धूर वेगळे ओळखता येत नाहीत. शेतांच्या पलीकडे, जिथे पूर्वी शेतंच होती, तिथे गोडाऊनच्या पत्र्यांची रांग आहे. दाजींची, म्हणजे ताईच्या यजमानांची, निम्मी जमीन त्या पत्र्यांखाली गेली. उरलेल्या निम्म्यात ते अजून स्वतः उतरतात.

नाताळचा माल या गोडाऊनमध्ये भर पावसाळ्यात येतो. गावातल्या बायका चिखलाच्या चपला बाहेर काढतात, ओल्या छत्र्या भिंतीला टेकवतात आणि कापसाचा बर्फ चिकटवलेल्या झाडांवर लेबलं लावायला बसतात. स्नेहल तिथे ऑफिसात मालाची नोंद ठेवायची. ती म्हणायची, “मामा, बाहेर धो धो पाऊस, आत आमचा बर्फ. मधल्या दारात उभं राहिलं की दोन्ही देश दिसतात.” डिसेंबर येईतो माल निघून गेलेला असतो. मागे उरतं ते डॅमेज. दबलेलं खोकं, वाकलेली फांदी, आकडा तुटलेला गोळा. मालात दोष नसतो, पण खोकं फाटलं की तो माल कुणाला पाठवत नाहीत.

ताईची सगळी झाडं या डॅमेजमधली आहेत. बाहेरच्या खोलीतलं सगळ्यात उंच, पण त्याचा शेंडा नाही; तिथे तिने तांब्याची छोटी लोटी पालथी घातली आहे. जिन्याखालच्याला तीनऐवजी दोनच पाय, ते तांदळाच्या पिंपाला बांधलेलं. स्वयंपाकघराच्या दाराशी एक पांढरं झाड आहे, ते फोडणीच्या धुरानं पिवळं पडत चाललंय. दोन माडीवर, स्नेहलच्या खोलीत, पलंगाच्या दोन्ही अंगांना. यंदाचं ओटीवर, बाहेरून जाणाऱ्यालाही दिसेल असं. प्लास्टिकच्या बारीक हिरव्या काड्या सगळीकडे गळतात. भातात येतात, पापडाच्या डब्यात येतात, एकदा माझ्या चहात आली. “तुळशीचं पान समज,” ताई म्हणाली.

झाडांवरचे दागिने ती वर्षभर जमवते. गोडाऊनला जाणाऱ्या बायका पिशवीच्या कोपऱ्यात, सुपरवायझरला विचारून, काहीबाही आणून देतात. पडघ्याचा भंगारवाला तिच्यासाठी एक टोपली वेगळी ठेवतो. कुठली वस्तू कुणाकडून आली हे तिला तोंडपाठ आहे. एका पंखाची परी गोडाऊनमधल्या शेवंताने दिली, तिच्या मुलीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी. काचेचे दोन निळे गोळे शेलार गावच्या नणंदेने पाठवले. दाढीवाला म्हातारा आहे, त्याचा एक हात नाही. त्याच्या खांद्याला ताईने लाल दोरा गुंडाळला आहे, जखमेला बांधावा तसा. मध्ये मध्ये स्नेहलच्या वस्तू आहेत. शाळेतलं धावण्याचं पदक, गॅदरिंगच्या काचेच्या बांगड्या, गोडाऊनचं जुनं ओळखपत्र. त्यातल्या फोटोत ती हसत नाही. ओळखपत्राच्या फोटोत कुणी हसत नाही.

झाडं एवढी का झाली, याचं कारण साधं आहे. ते या भागात मार्गशीर्ष मांडणाऱ्या कुठल्याही बाईला लगेच समजेल.

पहिलं झाड स्नेहलनेच आणलं होतं. गुडघ्याला लागेल एवढं, शेंड्याकडे वाकलेलं. तो गुरुवार होता. ताईने सकाळीच लक्ष्मीचा घट मांडला होता. कलशात पाच झाडांच्या डहाळ्या, वर नारळ, पुढे पोथी. स्नेहल संध्याकाळी ड्युटीवरून आली आणि ते झाड घटाच्या शेजारी ठेवून म्हणाली, “आई, तुझ्या पाच झाडांत हे सहावं.” ताईने आरती केली, घटाला हळदीकुंकू वाहिलं आणि हात पुढे गेला तसा झाडालाही वाहिलं. मी तिथे होतो. कुणाच्या लक्षात आलं नाही. दाजी म्हणाले, “आता प्लास्टिकला बी नैवेद्य दाखव.” सगळे हसले.

पण हळदीकुंकू लागलं की वस्तू वस्तू राहत नाही. घट दुसऱ्या दिवशी सकाळी हलवतात, तोही अक्षता वाहून, पुन्हा ये असं म्हणून. निरोप दिल्याशिवाय पूजलेलं काही उचलायचं नसतं. घटाच्या डहाळ्या शेतात ठेवता येतात, पाणी तुळशीला घालता येतं. प्लास्टिकच्या झाडाचं काय करायचं हे पोथीत नाही. ताईने त्या शुक्रवारी घट हलवला, पुढच्या शुक्रवारीही हलवला, पण झाडावर अक्षता टाकल्या नाहीत. त्या दुसऱ्या शुक्रवारी तरी ते विसरून राहिलं नव्हतं.

त्याआधीच्या चार दिवसांत काय झालं ते इथे लिहायला हवं, कारण त्यातला एक भाग माझा आहे.

मी भिवंडीत राहतो. एका वर्तमानपत्राचा तालुक्याचा वार्ताहर म्हणून बरीच वर्षं काढली. या कामातली पहिली शिकवण अशी, की कुठल्याही सरकारी कचेरीत गेलं की साहेबाला भेटण्याआधी नोटिसांचा फलक वाचायचा. साहेब बदलतो, सांगतो तेही बदलतो. फलकावरचा कागद बदलत नाही. त्या आठवड्यात दुसऱ्याच कामासाठी ठाण्याला गेलो होतो. विवाह नोंदणीच्या कचेरीबाहेर सवयीने फलकासमोर थांबलो. नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्यांची नोटीस तिथे महिनाभर लावतात, कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून. तिसऱ्या कागदावर स्नेहलचं नाव होतं, तिचा फोटो होता, घरचा पत्ता होता. शेजारी मुलाचं नाव, ॲल्विन. राहणार वसई.

हा मुलगा तिच्याच गोडाऊनमध्ये शिफ्टचा सुपरवायझर होता. वसईचा, ख्रिस्ती, घरी मराठीच बोलणारा. तिने मला कधी सांगितलं नव्हतं. पण सांगायचं ठरवलं असतं तर आधी मलाच सांगितलं असतं, असं मला अजून वाटतं. मी तिला फोन करू शकलो असतो. ताईला करू शकलो असतो. कुणालाच न करता घरी जाऊ शकलो असतो. मी दाजींना केला. नाव, वय, पत्ता, नोटिशीची तारीख, सगळं क्रमाने सांगितलं. बाहेरच्या माणसाकडून कळण्यापेक्षा घरच्या माणसाकडून कळलेलं बरं, असा विचार केला होता. तो विचार फोन करण्याआधी केला की नंतर, हे आज सांगता येत नाही.

दाजी त्याच संध्याकाळी गोडाऊनवर गेले आणि तिला घेऊन आले.  घरी आल्यावर तिचा मोबाईल काढून घेतला आणि तिला माडीवरच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली. चार दिवस. मधला गुरुवार ताईने रीतीने केला. सहावं म्हणून आणलेलं झाड त्याच्या आधीच्या गुरुवारचं. ते तसंच उभं होतं. कारण आठवडाभर ताई म्हणत होती, पोर म्हणते तोवर राहू दे. शुक्रवारी सकाळी ताई घटाच्या डहाळ्या घेऊन शेतावर गेली. दाजी गोठ्यात होते. ती परत आली तेव्हा माडीचं दार उघडं होतं आणि खोलीत कुणी नव्हतं.

कडी बाहेरून होती. ती कुणी काढली, हे त्या घरात कुणी विचारलं नाही. दाजींनीही नाही.

महिन्याभरात लग्न झालं. वसईहून एक फोन आला, तो दाजींनी उचलला आणि “चुकीचा नंबर” म्हणून ठेवला. पुढच्या मार्गशीर्षात ताईने भंगारवाल्याकडून दुसरं झाड आणलं. शिळ्या मांडणीवर नवा गुरुवार करता येत नाही, असं तिचं म्हणणं. मी विचारलं, “पहिलं का काढत नाहीस?” ती म्हणाली, “निरोप कसा देऊ? तिनं आणलंय. ती येईल, मग तिच्या हातानं.” त्यानंतर दर वर्षी एक.

झाडं पावसाळ्यातही उभी असतात, हे बघायला जरा विचित्र वाटतं. आषाढात बाहेर चिखलणी चालू असते, ओटीवर इरली सुकत असतात आणि आतल्या खोलीत चांदण्या लुकलुकतात. कोंदट हवेनं कापसाच्या बर्फाला बुरशी येते. ताई ती जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढते. गणपतीत आरास मांडायला जागा नसते, मग गणपती दोन झाडांच्या मधे बसतो. दाजी झाडांबद्दल बोलत नाहीत. चालताना अंग चोरून जातात, फांदीला धक्का लागू देत नाहीत. एकदा मी बघितलं, जिन्याखालचं झाड कलंडलं होतं, त्यांनी ते सरळ केलं, दोरी पुन्हा आवळली आणि हात धोतराला पुसले. मी आहे हे बघून म्हणाले, “उंदीर हायेत.”

दोन वर्षांपूर्वी गावातले तिघं जण चौकशीला आले. घरात चार-चार झाडं आहेत, बाई धर्म बदलते आहे, असं कुणीतरी पसरवलं होतं. तिघेही तरुण, एक नात्यातला. मी त्या दिवशी तिथेच होतो. दाजींनी त्यांना बसायला खुर्च्या दिल्या आणि स्वतः उभे राहिले.

“काका, लोक बोलतात,” नात्यातला म्हणाला.

“लोकांना तोंड हाय.”

“तसं न्हाय. मुलीचं पण तसं झालं, आता घरात हे. चांगलं दिसत न्हाय.”

“माझ्या घरात काय ठेवायचं ते मी ठरवीन. तुझ्या घरात मी येतो काय बघायला, फ्रीजमधे काय हाय?”

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. “बघा ना, लांबून कशाला,” ती म्हणाली. “पूजेतलं हाय. कुंकू लावलंय. पाया पडा, आलाच हाव तर.” त्यातल्या एकाने झाडाच्या बुंध्याकडे बघितलं आणि त्याचा हात सवयीने छातीकडे, मग कपाळाकडे गेला. नात्यातल्याने त्याला कोपरानं डिवचलं. चहा पिऊन तिघं गेले. पुन्हा कुणी आलं नाही. ते गेल्यावर ताई हसत सुटली, पदर तोंडाला लावून, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते कळलं नाही. दाजी अंगणात गेले. झाडांसाठी भांडलेला हा माणूस मुलीचा फोन घेत नव्हता. या दोन गोष्टी एका माणसात कशा राहतात हे मला सांगता येणार नाही. मी त्या शेजारी शेजारी ठेवतो.

मी पाच वर्षं त्या घरी जात राहिलो. दाजींनी माझं नाव कुणाला सांगितलं नव्हतं. कचेरीतून पत्र आलं, असं ते म्हणाले होते आणि ते खपून गेलं होतं, अशी माझी समजूत होती. आळी चिंचोळी असली की माणूस भिंतीला घासत चालतो, तसा मी त्या समजुतीला घासत चाललो. ताईच्या हातची वालाची उसळ खाल्ली, दागिने लटकवायला मदत केली, स्टूल धरलं. ती वरून म्हणायची, “दिनू, तो निळा गोळा दे. हळू, काच हाय.”

यंदा एक बदल झाला. स्नेहलला मुलगा आहे, साडेतीन वर्षांचा. ताईचं तिच्याशी फोनवर बोलणं होतं, हे दाजींना माहीत होतं आणि नव्हतं. गेल्या महिन्यात ताई फोनवर बोलत असताना ते दारात येऊन उभे राहिले.  दाजी म्हणाले, “विचार तिला, पोरगा वाल खातो का.” ताईने विचारलं. मग म्हणाली, “खातो. तिखट न्हाय चालत.” “मग कमी घाल तिखट,” असं म्हणून ते निघून गेले. ताईने हे मला फोनवर सांगितलं, एकदा नव्हे, त्याच दिवशी तीनदा. प्रत्येक वेळी शेवटचं वाक्य तिने दाजींच्या आवाजात म्हटलं.

दिवस ठरला. नाताळ झाल्यावरचा शनिवार. स्नेहल, ॲल्विन आणि मुलगा सकाळी येणार, जेवून संध्याकाळी जाणार. मी विचारलं, “आता झाडं काढणार का?” ताई म्हणाली, “आता कशाला? पोराला दाखवायची हायत. त्याला सांगून ठेवलंय, आजीकडं सहा हायत म्हणून. त्यांच्या घरी एकच असतं.” मी म्हटलं, मी शुक्रवारीच येतो, सामान आणतो, ओटीवरच्या लायटींची वायर बदलायला हवी.  

“दिनू,” ती म्हणाली. “शुक्रवारी ये. वायर बदल. शनिवारी नको येऊस.”

“का?”

“तिनं सांगितलंय. तू असशील तर ती येणार न्हाय.”

 गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट फोनमधून तिलाही ऐकू जात असणार.

“ती काय म्हणाली?”

“म्हणाली, त्या कचेरीतला बोरड वाचणारा आपल्यात एकच माणूस हाय.”

“ताई, मीच सांगितलं होतं दाजींना.”

“मना म्हाईत हाय.”

“कधीपासून?”

“त्या दिवसापासून. ह्यांनी तुझा फोन माझ्यासमोरच घेतला ना. मी भाकऱ्या करत होते.”

“मग पाच वर्षं बोलली का नाहीस?”

“काय बोलू? पोर गेली होती. भाऊ पण घालवू?”

एवढं म्हणून तिने मला वायर किती लांब लागेल ते सांगितलं. ओटीच्या खांबापासून दारापर्यंत सात हात, जरा जास्तच आण. मी ते कागदावर लिहून घेतलं.

शुक्रवारी गेलो. वायर बदलली. दाजींनी वालाच्या शेंगा तोडून सुपात ठेवल्या होत्या, त्या दोघं मिळून सोलल्या. ते म्हणाले, “उद्या यायला हवं होतंस.” मी म्हटलं, “काम आहे.” त्यांनी एक शेंग बोटांत धरली, सोलली नाही. “मी पण सांगू शकलो असतो तिला,” ते म्हणाले, “चूक तुझी एकट्याची न्हाय म्हणून. पण मना बोलता येत न्हाय तिच्याशी. अजून.” मग त्यांनी ती शेंग सोलली. संध्याकाळच्या एसटीने मी भिवंडीला परत आलो.

शनिवारी घरीच होतो. सकाळी पेपर वाचले, दुपारी जेवलो. चारच्या सुमाराला ताईचा फोन आला. मी हॅलो म्हटलं, ती काही बोलली नाही. फोन तिने कुठेतरी ठेवला असावा किंवा पदराखाली धरला असावा, कारण आवाज दबके येत होते. भांडी वाजली. मग एक लहान मुलगा, “आजोबा, ह्याला एकच हात का?” दाजींचा आवाज, “काम करून करून तुटला.” “मग दुखतं?” “आता न्हाय दुखत. तुझी आजी बांधते.” एक अनोळखी पुरुष हसला; तो ॲल्विन असणार. कुणी तरी खुर्ची ओढली. मी फोन कानाला लावून उभा होतो, श्वासाचा आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून तोंड बाजूला केलं होतं. मग पावलं जवळ आली, आणि स्नेहलचा आवाज पाच वर्षांनी ऐकला, अगदी शेजारी असल्यासारखा.

“आई, कुणाशी बोलतेस?”

“कुणाशी न्हाय,” ताई म्हणाली आणि फोन बंद झाला.